पवनीची प्वनी

अक्षरजुळणीच्या आणि रेखांकनाच्या संगणकीय साधनांत जे दोष राहून जातात त्यांना सर्वत्र 'बग' म्हणतात, आणि दोष जागच्या जागी ठेवून त्याला वळसा घालत काम उरकण्याच्या रीतीला प्रस्तुत लेखात 'तोडगा' म्हटले आहे. पाश्चात्त्य देशांत दोषांची यादी निर्माता स्वतः प्रसिद्ध करतो, तिच्या शेजारी तोडगे छापतो आणि पुढच्या आवृत्तीत दोन्ही याद्या आखूड होतील अशी आशा बाळगतो. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र ही विद्या संपूर्णपणे मौखिक परंपरेने टिकलेली असून, ती लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि नाटकांची हँडबिले तयार करणाऱ्या डीटीपीच्या, म्हणजे टेबलावरच्या संगणकावर छपाईचा मजकूर सिद्ध करणाऱ्या, दुकानांत गुरूकडून शिष्याकडे जाते आणि शिष्याने समोरच्या गाळ्यात स्वतःचे दुकान टाकले की तिथेच थांबते. या परंपरेचे पहिले सूत्र असे की दोष दुरुस्त करायचा नसतो, कारण दुरुस्त झालेल्या दोषावर कोणाचेही पोट भरत नाही.

यांतील सर्वांत जुना आणि सर्वांत प्रतिष्ठित दोष जुन्या फॉन्टांचा होय. कृतिदेव वळणाच्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. संगणक निमूटपणे इंग्रजी अक्षरे साठवत असतो आणि फॉन्ट तेवढा त्या अक्षरांना देवनागरीचा अंगरखा चढवत असतो. या व्यवस्थेत 'भंडारा' हे नाव मोठा एच, के, ए, मोठा एम, के, जे आणि के अशा सात कळांनी सिद्ध होते, आणि ज्याच्या संगणकात तो फॉन्ट नाही त्याला जिल्ह्याच्या मुख्यालयाऐवजी ही सात अक्षरे दिसतात, जी पाहून तो ती फाईल विषाणूग्रस्त असल्याची शंका घेतो. बहुतेक व्यंजनांची योजना अशी की छोट्या लिपीतील कळ पूर्ण अक्षर देते आणि तीच कळ मोठ्या लिपीत अर्धे अक्षर देते: छोटा आय म्हणजे 'प', मोठा आय म्हणजे त्याचा अर्धा भाग, छोटा एल म्हणजे 'स', मोठा एल म्हणजे अर्धा 'स्'. योजना सुटसुटीत आहे आणि वर्ड नावाची प्रणाली मध्ये पडली नसती तर तिच्याविषयी तक्रारीला जागा उरली नसती.

वर्डला इंग्रजीचे संस्कार असल्यामुळे नव्या परिच्छेदाचे आणि तक्त्यातील प्रत्येक रकान्याचे पहिले अक्षर मोठे असले पाहिजे अशी त्याची दृढ श्रद्धा आहे, आणि ते मोठे नसल्यास तो कोणालाही न विचारता ते मोठे करतो. याचा परिणाम पाहण्यासाठी भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांची यादी एकाखाली एक लिहून काढणे पुरेसे होते. पवनीचा 'प' अर्धा होऊन गावाची 'प्वनी' होते, आणि सम्राट अशोकाच्या काळाशी नाते सांगणारे ते प्राचीन नगर एखाद्या आग्नेय आशियाई बंदरासारखे भासू लागते. साकोलीच्या अर्ध्या 'स्'ला पुढचा काना येऊन चिकटतो, दोघांचा मिळून एक पूर्ण 'स' होतो आणि काना खर्ची पडल्यामुळे 'सकोली' उरते. लाखनीची 'लखनी' आणि लाखांदूरचे 'लखांदूर' याच हिशेबाने होते. मोहाडीची रचना थोडी अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिच्या ओकारातील काना 'म'ची दांडी पूर्ण करण्यात संपतो आणि मात्रा तेवढी डोक्यावर शिल्लक राहते, त्यामुळे तिची 'मेहाडी' होते. तुमसरच्या 'त'ची उभी दांडी गळून पडते आणि उकार अधांतरी लटकतो. सातांपैकी एकटा भंडारा सुरक्षित राहतो, कारण त्याचे पहिले अक्षर मुळातच मोठा एच असून त्याला आणखी मोठे करणे वर्डच्या हाती नाही. जिल्ह्याच्या मुख्यालयाला मिळणाऱ्या अनेक सवलतींपैकी ही एक, आणि बहुधा एकमेव, जिची कोणत्याही आमदाराने मागणी केलेली नव्हती.

या दोषावरचा शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे वर्डच्या रचनेत जाऊन बरोबरची खूण काढून टाकणे, आणि त्यास फार वेळ लागत नाही. तरीही मुरलेला ऑपरेटर ती खूण काढीत नाही. तो प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर बिघडू देतो आणि बिघडल्याबरोबर कंट्रोल आणि झेड या कळा दाबून ते मागे घेतो, आणि ही क्रिया त्याच्या बोटांत इतकी भिनलेली असते की दोष नसलेल्या संगणकावर बसवल्यास तो त्याच सवयीने स्वतःचे बरोबर अक्षरही पुसून टाकतो. तोडग्याचा हा स्वभावच आहे की तो दोषापेक्षा अधिक काळ जगतो. पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र बोटांची ती चपळाई हेच कौशल्य वाटते, आणि दराची घासाघीस करताना त्याचा आवाज थोडा खाली येतो.

भंडाऱ्याला मिळालेली सूट युनिकोडच्या आगमनाबरोबर संपली. युनिकोड म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी व्यवस्था, जिच्यात मराठीला इंग्रजी अक्षरांचा अंगरखा होऊन राहावे लागत नाही; परंतु तिच्यात 'र', हलन्त आणि 'य' हे ओळीने लिहिले असता रफार तयार होतो, आणि मराठीला जो आडवा, केसासारखा बारीक अर्धा 'र' लागतो त्यासाठी नुक्ता असलेला निराळा 'ऱ' योजावा लागतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर तो शिफ्ट आणि जे या कळांनी मिळतो, परंतु ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे ते सहसा टंकलेखन करीत नाहीत आणि जे टंकलेखन करतात त्यांना ती सांगायला कोणी जात नाही. हिंदीला या अक्षराची गरज नसल्यामुळे आणि बालाघाटची हद्द लागूनच असल्यामुळे पलीकडून आलेले फॉन्ट व ते वापरणारे हात या बाबतीत निरागस असतात. याचा सर्वाधिक फटका ज्यांना बसतो त्यांत भंडारा अग्रभागी आहे, कारण या नावाला विभक्तीचा कोणताही प्रत्यय लावला की तोच नेमका 'ऱ्या' उपस्थित होतो: भंडाऱ्यात, भंडाऱ्याला, भंडाऱ्याहून. नागपूर, गोंदिया किंवा चंद्रपूर या शेजाऱ्यांना असा त्रास नाही. आचाऱ्यांना मानधन देण्याऐवजी आचार्यांना मानधन देण्याचा जो जुना घोटाळा मराठी छपाईत प्रसिद्ध आहे तो प्रसंगवशात घडतो. भंडाऱ्याचा घोटाळा मात्र रोजचा आहे.

यावर निघालेला तोडगा तांत्रिक नसून व्याकरणविषयक आहे, आणि म्हणून अधिक विचारार्ह आहे. ऑपरेटर मजकुरातील 'भंडाऱ्यात' सरसकट 'भंडारा येथे' असे करतो, 'भंडाऱ्याहून' चे 'भंडारा येथून' होते आणि 'भंडाऱ्याचे रहिवासी' हे 'रा. भंडारा' या संक्षेपात विसावतात. जिल्ह्यातील निमंत्रणपत्रिकांच्या भाषेला जे सरकारी गांभीर्य आढळते त्याचे श्रेय कोणी संस्कारांना देईल, कोणी महसूल खात्याच्या सहवासाला देईल; एका अर्ध्या अक्षराच्या टंचाईचा त्यात मोठा वाटा आहे ही गोष्ट शैलीच्या अभ्यासकांनी नोंदवलेली नाही. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठीच्या वर्णमालेविषयी निर्णय काढला, २०२२ मध्ये त्याचा नवा अवतार निघाला, आणि अक्षरांची वळणे नेमकी कशी असावीत हे त्यात आस्थेने सांगितले आहे. हे निर्णय दुकानापर्यंत पोचतात ते बहुधा छपाईसाठी, वाचनासाठी नव्हे.

रेखांकनाच्या प्रणालीत, म्हणजे ज्या साधनात अक्षर, चौकट, गणपती आणि नेत्याचे छायाचित्र एकाच पानावर मांडले जाते त्यात, दुकानांचा जीव कोरलड्रॉवर आहे. १९८९ मध्ये जन्मलेल्या या प्रणालीला भारतीय लिप्यांची जोडाक्षरे आणि मात्रा नीट बसवता येऊ लागल्या त्या २०१२ च्या एक्स-सिक्स आवृत्तीपासून, आणि दुकानांत अनेक वर्षे नांदली ती त्याआधीची अकरावी, बारावी किंवा एक्स-थ्री ही आवृत्ती. या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मजकूर आणून टाकला की अर्धी अक्षरे हलन्त दाखवत सुटी उभी राहतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी बसण्याऐवजी नंतर जाऊन बसते, ज्यामुळे 'विवाह' या मंगल शब्दाची पहिली वेलांटी दुसऱ्या 'व'च्या पदरात पडते. हा दोष परदेशी अज्ञानाचा नमुना समजला जातो, परंतु इतिहास जाणणाऱ्याला तसे म्हणता येणार नाही, कारण १९५३ साली लखनौला भरलेल्या लिपिसुधार परिषदेने टंकलेखनाच्या सोयीसाठी ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडेच द्यावी असा ठराव केला होता, आणि लोकांना तो मानवला नाही म्हणून पुढे मागे घ्यावा लागला होता. विद्वानांच्या परिषदेला जे साधले नाही ते कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांनी गल्लोगल्लीच्या फ्लेक्सवर करून दाखवले. सावरकरांनी पुरस्कारलेली 'अि', 'अी', 'अु' ही बाराखडीदेखील खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठीच होती. म्हणजे यंत्राची अडचण लिपीच्या गळ्यात मारण्याची प्रथा संगणकाने सुरू केलेली नाही, त्याला ती वारशात मिळाली आहे.

या सर्व दोषांवर एकच रामबाण तोडगा दुकानांत प्रचलित आहे आणि त्याला 'कर्व्ह करणे' असे म्हणतात. मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू या कळा दाबल्या की अक्षरांचे अक्षरपण नष्ट होऊन त्यांचे नुसते वक्ररेषांचे आकार बनतात, त्यानंतर फॉन्ट असो वा नसो, आवृत्ती कोणतीही असो, मजकूर जसाच्या तसा छापला जातो. नागपूरच्या छापखान्याला किंवा फ्लेक्सच्या यंत्राला फाईल पाठवताना 'कर्व्ह केली ना?' हा प्रश्न ख्यालीखुशालीच्या आधी विचारला जातो. मोक्षाप्रमाणेच ही अवस्था एकमार्गी आहे: कर्व्ह झालेल्या मजकुरात पुन्हा काही लिहिता येत नाही, त्यामुळे त्या क्षणी जी शुद्धलेखनाची चूक मजकुरात असेल ती अजरामर होते, आणि गिऱ्हाईक नेमके त्यानंतरच प्रूफ वाचायला बसते. प्रूफावर 'ओके' लिहून सही घेण्याची पद्धत याच कारणाने रूढ झाली असून, त्या सहीचा अर्थ मजकूर बरोबर आहे असा नसून चूक कोणाची आहे एवढाच असतो. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात भांड्यावर टोच्याने नाव घालणारा कारागीर पिढ्यान्पिढ्या हेच करीत आला आहे. त्याचे प्रत्येक अक्षर पहिल्या ठोक्यापासून कर्व्ह केलेलेच असते आणि त्याला आवृत्ती विचारायची कोणाची प्राज्ञा नसते.

कर्व्हने न सुटणारा दोष सावलीचा. अक्षराखाली किंवा नवरदेवाच्या छायाचित्रामागे मऊ सावली टाकली असता पडद्यावर ती देखणी दिसते, आणि छपाईला गेलेल्या प्रतीत मात्र कधी कधी सावलीच्या जागी पांढरी चौकट उमटते, जणू नवरदेव पाकिटातून काढून चिकटवला आहे. याचे कारण असे की पारदर्शकता हा पडद्याचा गुण आहे, शाईचा नव्हे, आणि पारदर्शक भाग सपाट करून छपाईयंत्राला समजावून सांगताना प्रणालींचे आपसांत पटत नाही. तोडगा म्हणून सावलीचे ठिपक्यांच्या चित्रात, म्हणजे बिटमॅपमध्ये, रूपांतर करतात, त्यामुळे फाईल इतकी फुगते की संगणक हँग होतो आणि ऑपरेटर चहाला जातो. चहा हा या तोडग्याचा अधिकृत दुसरा टप्पा मानला जातो. रंगांचा घोटाळा याच जातीचा आहे. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईने ते साधू पाहते, आणि पडद्यावरचा झळझळीत केशरी रंग कागदावर उतरताना विटकरी होतो. जिल्ह्यातील राजकीय पक्षांचे रंग एकमेकांपासून पुरेसे दूर आहेत म्हणून यातून अद्याप पक्षांतराचा आरोप उद्भवलेला नाही.

पेजमेकर या वयोवृद्ध प्रणालीचा उल्लेख केल्याशिवाय हे विवेचन अपुरे राहील. १९८५ मध्ये निघालेल्या आणि २००१ मधील सातव्या आवृत्तीनंतर निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेल्या या प्रणालीत 'बॅड रेकॉर्ड इंडेक्स' असा संदेश देऊन फाईल उघडण्यास नकार देण्याची खोड आहे. तिच्यावर एक गुप्त उपचार आहे: काही कळा दाबून धरून हायफनेशनचा आदेश दिला की प्रणाली स्वतःची तपासणी करते आणि निदान शिट्टीने सांगते. एक शिट्टी म्हणजे सर्व ठीक, दोन म्हणजे बिघाड होता पण दुरुस्त केला, तीन म्हणजे बिघाड आहे आणि इलाज नाही. हा संकेत ज्याने योजला त्याला घरोघरच्या प्रेशर कुकरची कल्पना नसावी, कारण विदर्भात तीन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करून निश्चिंत व्हायचे असते. फाईल वारंवार त्याच नावाने 'सेव्ह ॲज' केली की तिचा आकार घटतो हा दुसरा तोडगा. साधे 'सेव्ह' केल्यास पेजमेकर जुने फेकत नाही, नवे त्याच्यावर रचत जातो.

याच्या अगदी उलट टोकाला डोनाल्ड क्नुथ यांची टेक् ही अक्षरजुळणीची प्रणाली आहे. क्नुथ यांनी आपल्या प्रणालीतील दोष दाखवणाऱ्याला बक्षीस ठेवले, ते २.५६ डॉलरपासून सुरू करून दरवर्षी दुप्पट केले आणि ३२७.६८ डॉलरवर थांबवले. लोकांनी ते धनादेश वटवण्याऐवजी चौकटीत लावले, आणि २००८ पासून तर क्नुथ खरे धनादेश न देता सान सेरिफ नावाच्या काल्पनिक द्वीपसमूहावरील काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रे देतात. प्रणालीच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीगणिक पाय या संख्येच्या अधिक जवळ सरकतो, आणि क्नुथ यांच्या पश्चात तो नेमका पाय होऊन उरलेले सर्व दोष गुण म्हणून गणले जातील अशी त्यांची इच्छा आहे. दोषांना गुणांचा दर्जा मिळण्यासाठी निर्मात्याच्या मृत्यूपर्यंत थांबणे ही पाश्चात्त्यांची सावकाशी झाली. भंडाऱ्यात हा दर्जा दोष आढळल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळतो. दोष दाखवणाऱ्याला पैसे देण्याची कल्पना मात्र येथे रुजणे अवघड आहे, कारण येथील गिऱ्हाईक दोष दाखवते ते पैसे कमी करण्यासाठी.

या विद्येचा खरा कस दिवाळीनंतर लागतो, जेव्हा मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते, पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावच्या मंडळांना हँडबिले हवी असतात. रात्रभर चालणाऱ्या या नाटकांच्या हँडबिलावर नाटकाचे नाव, कलावंतांची नावे, उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे यांची इतकी दाटी असते की अक्षरांना श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि शेवटच्या क्षणी एक पाहुणा वाढला की सर्वांची रुंदी थोडी थोडी दाबून त्याला बसवतात. म्हणून हंगामाच्या अखेरीस नेते हळूहळू उंच आणि सडपातळ होत गेलेले आढळतात. साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांनी जिचा आयुष्यभर अभ्यास केला त्या झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' हे वर्ण नाहीत, आणि ज्या फॉन्टांत नेमके याच अक्षरांचे तुकडे पडतात त्यांच्यासाठी याहून सोयीची भाषा शोधून सापडली नसती. हँडबिले मात्र प्रमाण मराठीतच निघतात, कारण पाहुणे प्रमाण असतात.

हँडबिलांप्रमाणेच शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, जाहिरातींचे साचे दुकानांत जपून ठेवलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये राज्यातील शर्यतींना पुन्हा वाट मोकळी केली. मधल्या काळात संगणक बदलले, कार्यप्रणाली बदलली, फॉन्ट हरवले, परंतु कर्व्ह केलेल्या फाईली बैलजोडीसकट जशाच्या तशा उघडल्या, कारण त्यांत अक्षरे उरलेलीच नव्हती. अडचण तारखेची असते. कर्व्ह झालेले वर्ष खोडून नवे टंकित करावे तर तो फॉन्ट आता कोणाकडेच नसतो, तेव्हा ऑपरेटर पानावर इतरत्र सांडलेले आकडे गोळा करू लागतो. २०१३ चे २०२२ करायला दोनचे आणखी दोन आकडे लागतात, ते सहसा बक्षिसांच्या यादीतून मिळतात. २०२४ चे २०२५ करायला पाच लागतो, आणि तो तळाशी असलेल्या संपर्काच्या भ्रमणध्वनी क्रमांकातून उचलावा लागतो. हा पाच मूळचा बारीक पण ठळक टाइपातला असल्यामुळे शीर्षकाच्या मापाला ताणताना त्याच्या रेषाही त्याच प्रमाणात जाडावतात, म्हणून जिल्ह्यातील अनेक फ्लेक्सवर वर्षाचा शेवटचा आकडा आधीच्या तीन आकड्यांपेक्षा अंमळ गुटगुटीत दिसतो, आणि तो ज्याच्या नजरेला खटकतो तो हटकून समोरच्या दुकानाचा ऑपरेटर असतो.